कार्बाइन हवी की नेम हवा?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. काटोलकडे आठ एकर संत्र्याची बाग, राहणं नागपुरात, परवान्यावर .३२ चं पिस्तूल. जावई टेक्सासला. त्याने ९ एमएमची कार्बाइन, म्हणजे खांद्याला टेकवून चालवायची आखूड बंदूक, घेतली. पिस्तुलाचीच काडतुसं तिच्यात चालतात, मॅगझिनही तेच बसतं, आणि शंभर मीटरवरची लोखंडी पाटी हसतखेळत वाजते म्हणतो. व्हिडिओ कॉलवर ती पाहिल्यापासून भाऊंना झोप नाही. त्यांनी विचारलंय: नळी लांब झाली की गोळीची ताकद दुप्पट होते का? असली कार्बाइन इथे परवान्यावर मिळेल का? नाहीच मिळाली तर बागेच्या राखणीला दुसरं हत्यार कोणतं घ्यावं? आणि जाता जाता: डिसेंबरात जावयाकडे चाललोय, तिथे चालवून पाहू का?

मी सव्वीस वर्षं पोलीस दलात आर्मोरर होतो. बाकीचे हत्यार चालवतात, आम्ही ते चालवून झाल्यावर उघडतो. कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, बसून जेवढ्या कार्बाइन पुसल्या तेवढ्या वेळा घरची स्कूटर पुसली नसेल. तेव्हा या हत्यारावर माझा जीवही आहे आणि त्याचे नखरेही पाठ आहेत.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं: 'पिस्तुलाने पंधरा मीटरवरचा डबा दहात दोनदाच लागतो.' माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. कार्बाइनपेक्षा तुम्हाला भुरळ पडली ती जावयाच्या लागणाऱ्या नेमाची. (आणि तो डबा बागेत मांडत असाल तर आजपासून बंद करा. स्वसंरक्षणाच्या परवान्यात बागेतली चांदमारी बसत नाही. झाडामागे तोडणीवाली बाई डबा खात बसली असली तर गोळीला ते समजत नाही.)

पिस्तूल खिशात न्यायला सोपं आणि लागायला सगळ्यात अवघड. दोन्ही हात हवेत तरंगते, खाली कसलाच टेकू नाही. नेम धरायची नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात जेमतेम वीतभर अंतर. आता हिशोब करा. हे अंतर १६ सेंटीमीटर असेल आणि माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी जवळपास १६ सेंटीमीटर बाजूला जाते. तेच अंतर ४० सेंटीमीटर असेल तर चूक सहा सेंटीमीटरवर येते. शिवाय कार्बाइनला दोन हातांखेरीज खांदा मिळतो आणि गाल मिळतो. दोन खुंट्यांवरची दोरी हलते, चार खुंट्यांवरची खाट हलत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

एका वर्षीच्या फायरिंगला एक हवालदार होते. निवृत्तीला दोन वर्षं, चष्मा, पोट पुढे. २५ मीटरवर पिस्तुलाच्या दहापैकी तीन गोळ्या टारगेटवर, त्याही काठाकाठाने. मान खाली घालून बाजूला उभे राहिले. दुपारी कार्बाइनचा नंबर आला. मी घडीचा बट, म्हणजे मागचा दस्ता, उघडून त्यांच्या खांद्यात नीट बसवून दिला, गाल टेकवायला लावला, खटका सिंगलवर, म्हणजे एकेक गोळीवर, ठेवला. पेटी सकाळचीच, गोळ्या त्याच ९ एमएमच्या. दहाच्या दहा आत बसल्या, त्यातल्या सात तर पंजाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. 'हत्यार लय चांगलं हाय बाप्पा,' म्हणाले. हत्यार माझ्याहून वयाने मोठं होतं. त्यांना फक्त टेकू मिळाला होता.

पण तुमच्या जावयाची कार्बाइन आणि आपल्याकडे पोलिसांच्या खांद्याला लटकणारी कार्बाइन या दोन वेगळ्या जाती आहेत. आपली १ए१ म्हणजे कानपूरला बनलेली ब्रिटिश स्टर्लिंग. ब्रिटिश सैन्याने ती १९५३ साली स्वीकारली. डाव्या अंगाला आडवं ३४ गोळ्यांचं मॅगझिन, वीतभराहून किंचित लहान नळी, आणि ऑटोवर टाकली की चाप दाबून धरेपर्यंत चालूच. काटेकोर बोलायचं तर ती सबमशिनगन. अमेरिकेतल्या नागरिकाला मिळते ती चाप एकदा दाबला की एकच गोळी सोडणारी. तिची नळी १६ इंची असते, कारण तिथल्या १९३४ च्या कायद्याप्रमाणे रायफलची नळी त्याहून आखूड केली की वेगळी नोंदणी आणि वेगळी कटकट. म्हणजे ती लांबी गोळीच्या भल्यासाठी ठरलेली नाही, कायद्याच्या पट्टीने ठरलेली आहे. हे लक्षात ठेवा, कारण ताकदीचं उत्तर त्यात आहे.

ताकद दुप्पट होत नाही. ९ एमएमच्या काडतुसात बारूद थोडीशीच, आणि तीही झपाट्याने जळणारी. पहिल्या दहा-बारा इंचांत ती आपलं काम उरकते, पुढची नळी म्हणजे गोळीला नुसती वाट. आठ ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते, म्हणजे ऊर्जा ४९० ज्यूलच्या आसपास. सोळा इंची नळीतून ४०० मीटरच्या घरात, म्हणजे ६४० ज्यूल. तीस टक्के वाढ म्हणा. वाईट नाही, पण आपल्या जवानांच्या इन्सास रायफलची चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने १६०० ज्यूल घेऊन जाते. कार्बाइनने पिस्तुलाची गोळी रायफलची होत नाही, ती पिस्तुलाचीच राहते, जरा घाईत असलेली. काडतुसागणिक यात फरक पडतो हेही खरं. .३५७ मॅग्नमसारख्या सावकाश जळणाऱ्या भरपूर बारुदीला लांब नळी चांगलीच मानवते, .४५ च्या जड, संथ गोळीला जवळपास काहीच फायदा नाही.

आता जावयाची पाटी. ती वाजते यात खोटं काही नाही, पण पाटी किती रुंद आहे ते विचारा. ९ एमएमची कार्बाइन ५० मीटरवर नेमकी लागेल अशी जुळवून घेतली तर १०० मीटरवर गोळी सुमारे १५ सेंटीमीटर खाली जाते. २०० मीटरवर ती सव्वा मीटरच्याही खाली गेलेली असते. फूटभर पाटीच्या वरच्या काठावर नेम धरला की शंभरावर टण्ण आवाज येतो. पुढे मात्र अंदाजाचा खेळ.

मग लोक तिच्यावर का भाळतात? अमेरिकेत कारणं रोकडी आहेत. ९ एमएम तिथे रायफलच्या काडतुसापेक्षा स्वस्त. बंदिस्त रेंजवर जिथे रायफल चालू देत नाहीत तिथे ही चालते. आवाज आणि जाळ पिस्तुलापेक्षा सुसह्य, बायकापोरं न घाबरता शिकतात. पिस्तूल आणि कार्बाइनचं मॅगझिन एकच, म्हणजे एकच डबा उघडायचा. आणि ही कल्पना आजची नाही. १८७३ ची विंचेस्टर रायफल .४४-४० काडतुसाची होती, काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. घोड्यावरच्या माणसाला कमरेला एकच पट्टा पुरे. आपल्याकडे ही चैन पोलिसांना मिळाली: ९ एमएमचं पिस्तूल आणि ९ एमएमची कार्बाइन, कोतात काडतुसाची पेटी एक. मॅगझिनं मात्र वेगवेगळी. पिस्तुलाचं मॅगझिन कार्बाइनला लावू पाहणारा नवा पोट्टा दर भरतीत एक तरी निघायचाच.

व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टीही सांगतो. यातल्या बऱ्याच कार्बाइन साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी सुटताना बोल्टला (काडतुसामागे दार लावणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला) कुलूप नसतं. त्याचं नुसतं वजन त्याला जागेवर धरतं. त्यामुळे बोल्ट जड करावा लागतो, आणि तो जड ऐवज दर गोळीला मागेपुढे आपटतो. म्हणून एवढ्याशा काडतुसाच्या मानाने खांद्याला धक्का जास्त वाटतो. एमपी५ या जर्मन सबमशिनगनमध्ये बोल्ट उशिरा उघडावा म्हणून रुळांची युक्ती आहे, म्हणून ती लोण्यासारखी चालते आणि म्हणूनच महागही पडते.

स्टर्लिंगचा आणखी एक स्वभाव. ती ओपन बोल्टवर चालते. कॉक केली की बोल्ट मागे थांबतो, चाप ओढला की तो जड गडी धाडकन पुढे येतो, वाटेत गोळी उचलतो, चेंबरात घालतो आणि त्याच झटक्यात फोडतो. नेम धरलेला असतानाच आत एवढी हालचाल, त्यामुळे नाक किंचित खाली जातं. हे शिकवायला मला वर्षं लागली.

आणि हाच स्वभाव जिवावरही बेतू शकतो. एका बंदोबस्ताच्या मुक्कामी एक शिपाई जीपमधून खाली उतरला. मॅगझिन लावलेलं, बोल्ट पुढे, सेफ्टी नाही. बट जमिनीवर आपटला. धक्क्याने बोल्ट गोळी उचलण्याइतका मागे गेला आणि परत पुढे आला. आवाज झाला, सगळे खाली बसले, वर शेडच्या पत्र्याला भोक. गोळी त्याच्या कानावरून वितीभर अंतराने गेली होती. पोरगा दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून मी क्लास घेताना आधी ते भोक सांगायचो, मग सुटे भाग. जावयाची कार्बाइन बहुधा बंद बोल्टची असेल, तिच्यात हा दोष नसतो. पण 'कार्बाइन' म्हटलं की ती निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा.

बरं, आपल्याच दलांनी हे जुनं हत्यार हळूहळू बाजूला काहून सारलं? कारण समोरच्याने बुलेटप्रूफ जाकीट घातलं की ९ एमएम अडते. म्हणून पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र-संशोधन संस्थेने जेव्हीपीसी ही कार्बाइन काढली, ती पिस्तुलाच्या काडतुसाची नाहीच, ५.५६ बाय ३० च्या लहान पण वेगवान गोळीची आहे. तरी ९ एमएम संपलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच एआरडीईने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून केलेलं 'अस्मी' जाहीर झालं, ते ९ एमएमचंच, वजन दोन किलोच्या आत, पल्ला शंभर मीटर. जवळच्या कामाला, गाडीत, जिन्यात, गर्दीत ही जात अजून लागते. बागेचं काम मात्र त्यात येत नाही.

आता परवाना. इथे आशा दाखवण्यात अर्थ नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित हत्यारांत ज्या पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा कार्बाइनमध्ये सैनिकी ९ एमएमचं काडतूस बसून फुटू शकतं ती सगळी धरली आहेत. कार्बाइन हा शब्दच तिथे लिहिलेला आहे. काडतूस बदलून .३२ ची केली तर? तरी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वगळता सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं त्याच वरच्या वर्गात टाकलेली आहेत. विनापरवाना प्रतिबंधित हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात ते चौदा वर्षं. 'पिस्तुलाला मागून बट बसवून देतो', 'नळी बदलून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर चहा पिऊन उठून या, हत्यारात असे फेरफार करणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि 'अंबाझरीच्या फॅक्टरीत आपला माणूस आहे' हे मला इतक्यांनी ऐकवलंय की हसू येतं. अंबाझरीला तोफगोळ्यांची कवचं आणि रॉकेटचे भाग होतात, कार्बाइन नाही. झाली असती तरी खिडकीतून कोणी दिली नसती.

२०१९ च्या त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. एक तुमच्याकडे आहे. म्हणजे उरलेली जागा एकच, ती एखादा व्हिडिओ पाहून भरू नका.

माझं मत सरळ आहे: बारा बोअरची दोनाळी, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक. लांब नळी, खांद्याला दस्ता, गालाला टेकू, म्हणजे कार्बाइनने हवालदारांना जे दिलं ते सगळं हिच्यात आहे. यंत्रणा इतकी साधी की उघडली की भरलेली आहे का रिकामी हे अंधारातही बोटाने कळतं. छऱ्याचं काडतूस वापरलं तर पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे त्याचा जोर सरतो, आणि बागेत मला तोच गुण वाटतो. .३१५ ची रायफल मागणारे पुष्कळ भेटतात. तिची गोळी झाडांमधून निसटली तर किलोमीटरच्या किलोमीटर जाते, आणि काटोल-कळमेश्वरकडची जमीन सपाट, मध्ये अडवायला टेकडी नाही. .२२ ची रायफल नेम शिकायला उत्तम. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते याच काडतुसाच्या रायफलने. पण तीसुद्धा सुटली की दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि रानडुकरासाठी ती वापरणं म्हणजे जनावर जखमी करून पुढच्या शेतातल्या माणसावर सोडणं.

इथे तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, ते मला दिसत नाही. खांद्याचं जुनं दुखणं असेल तर बारा बोअरचा धक्का सोसणार नाही. आठवड्याला एकदा रेंजवर जाणं होणारच नसेल तर दुसरं हत्यार घेऊच नका. शहरातल्या फ्लॅटमध्ये ठेवणार असाल तर आतल्या साडेचार इंची भिंती आणि शेजाऱ्याची खाट यांचाही विचार करा. निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येईल आणि बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागू शकते, नेमकी अंबिया बहाराची फळं झाडावर असताना, हेही धरून चाला.

आणि खरं विचाराल तर डुकरासाठी बंदूक हा शेवटचा पर्याय. परवाना स्वसंरक्षणाचा आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, कुठलं जनावर, कुठे, कसं या अटींसह. नुकसान झालं की लगेच कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. बाकी जागलीला एक माणूस, चांगली बॅटरी आणि सौर झटका मशीन यांनी माझ्या साळ्याच्या बागेत बंदुकीपेक्षा जास्त काम केलंय. तारेत घरची लाइन सोडणाऱ्यांची गोष्ट काढतच नाही, त्यात डुकरांबरोबर माणसंही गेली आहेत.

पिस्तूल असो की दोनाळी, काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डात ठेवू नका. नवतप्यात नागपुरात बंद गाडीत काय होतं ते स्टिअरिंगला हात लावून पाहा. बारुदीचा गुण त्यात बिघडतो, आणि नेमकी हवी तेव्हा ती दगा देते. पावसाळ्यात उलट, नळीत गंज. चार इंच चिंधी, दोन थेंब तेल, पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी), पंधरवड्यातून एकदा. तेल जास्त झालं तर धूळ चिकटून तेही बिघडवतं, म्हणून शेवटी कोरडी चिंधी.

तुमचं .३२ मात्र टाकून देऊ नका. दहात दोन लागतात ते चाप झटकून ओढल्यामुळे, असं मी न पाहता सांगतो, कारण शंभरात नव्वदांचं तेच असतं. रेंजवर शिकवणाऱ्याच्या देखरेखीत, पिस्तूल रिकामं आहे हे दोघांनी पाहून, डमी काडतूस घालून माशीच्या मागे एक रुपयाचं नाणं ठेवा आणि नाणं न पाडता चाप ओढा. पंधरा वेळा सलग जमलं की मग खरी गोळी. पंचवीस मीटर विसरा, सात मीटरवर सुरुवात करा.

राहिली टेक्सासची गोष्ट. तिथे बंदूक मोकळी असली तरी पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने हत्यार हातात घ्यायला मनाई आहे. त्यातले अपवाद मोजके. तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना हा नेहमी वापरला जाणारा, आणि तो पाहुण्यालाही काढता येतो. जावयाला सांगा की आधी रेंजवाल्याशी बोलून तो कागद करून घे. मग जरूर चालवा. आधी पिस्तूल, मग कार्बाइन, दोन्हींच्या पाट्या एकाच अंतरावर आणि फोटो काढून ठेवा. मला हिशोब पाहायला आवडेल. आणि परत निघताना जॅकेटचे, पँटचे, कॅमेऱ्याच्या पिशवीचे सगळे खिसे उलटे करा. आठवण म्हणून ठेवलेलं रिकामं पितळसुद्धा नको. रेंजवर वाकून उचललेली एखादी जिवंत गोळी चुकून खिशात राहते आणि ती एक्स-रेत सापडते नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, घरचे बाहेर गाडी घेऊन उभे असताना.